सर्वधर्मस्थळाबाहेरचा जवान

आपल्या लष्कराच्या धर्मनिरपेक्षतेचा विषय निघाला की एक चित्र हमखास रंगवले जाते. छावणीतले सर्वधर्मस्थळ, एकाच छताखाली मूर्ती, गुरू ग्रंथसाहिब, क्रूस आणि मक्का-मदिनेची तसबीर, मंदिर परेडला खांद्याला खांदा लावून उभे असलेले निरनिराळ्या धर्मांचे जवान. 'समाजाला जमले नाही ते फौजेने करून दाखवले,' असे म्हणून विषय मिटवला जातो. हे चित्र खोटे नाही. फौजेने हे खरोखर साधले आहे आणि त्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण त्यावरून 'लष्करात धर्मस्वातंत्र्याचा प्रश्नच उरलेला नाही' असा जो निष्कर्ष काढतात तो मला उथळ वाटतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. छताखाली किती देव मावले, ही धर्मस्वातंत्र्याची कसोटी नव्हे. ज्याचा देव त्या छताखाली नाही, किंवा ज्याला देवच नाही, अशा जवानाला शिक्षेची, टोमण्याची किंवा बढती हुकण्याची धास्ती न बाळगता बाजूला उभे राहता येते का, ही कसोटी आहे. तिला आपली फौज अजून पुरती उतरलेली नाही. आणि ती उतरावी अशी मागणी करण्यात फौजेचा काही अपमान नाही, कारण ही मागणी तिच्याच जुन्या रीतीतून निघते.

पुण्याजवळच्या चिखलीत राहणाऱ्या माणसाला लष्कर टीव्हीवर पाहावे लागत नाही. एका अंगाला देहूरोडचा दारूगोळा डेपो. त्याच्या २००० यार्डांच्या रेड झोनने निगडी, तळवडे आणि चिखलीतल्या कितीतरी घरांचे कागद अडवून ठेवले आहेत. दुसऱ्या अंगाला दिघीची छावणी, पलीकडे दापोडीला सीएमई, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. कारखान्यांच्या गेटांवर माजी सैनिक, आणि पहाटे स्पाइन रोडला भरतीसाठी धावणारी पोरे. या पट्ट्यात आता गडचिरोली, नंदुरबार, झारखंड, ओडिशा अशा चारी दिशांची मुले राहतात. म्हणजे उद्याची फौज इथे शेजारी राहते. तिच्यातला प्रत्येक जण छताखालच्या चार-पाच चौकटींत बसणारा असेल, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

छताखाली नेमके कोण

लष्करात धर्मशिक्षक नावाचे पद असते. दर्जा ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा, म्हणजे नायब सुभेदारापासून. भरतीच्या जाहिरातीत या पदाचे प्रकार दिलेले असतात: पंडित, गोरखा पलटणींसाठी वेगळा पंडित, ग्रंथी, सुन्नी मौलवी, लडाख स्काउट्ससाठी शिया मौलवी, पाद्री आणि लडाख स्काउट्ससाठीच महायान पंथाचा बौद्ध भिक्खू. या धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण आपल्या पुण्यातल्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होते, आणि तिथे त्यांना एकमेकांच्या धर्मांचीही ओळख करून दिली जाते. व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. शिया आणि सुन्नी यांतला फरकही तिच्या लक्षात आहे.

मात्र ही यादी पुन्हा वाचली तर तिच्यात कोण नाही हेही दिसते. बौद्ध आहे, पण तो लडाखचा महायानी. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेल्या धम्माला या यादीत जागा नाही, आणि महार रेजिमेंट तर १९४१ पासून उभी आहे. सरना हा आदिवासी धर्म मानणारा उराव किंवा मुंडा जवान या यादीत नाही. 'पेन' म्हणजे आपले देव पुजणारा, माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला जाणारा गोंड नाही. निरीश्वरवादी तर नाहीच.

यावर 'असे लोक असतील किती?' असा प्रश्न येतो. २०११ च्या जनगणनेत सहा मोठ्या धर्मांबाहेरचे काहीतरी सांगणारे सुमारे ७९ लाख लोक होते. त्यांपैकी जवळपास ५० लाखांनी 'सरना' असे लिहवले, तर दहा लाखांवर लोकांनी गोंडी धर्म. त्याच जनगणनेत जैनांची संख्या सुमारे ४५ लाख भरली. म्हणजे एकटे सरना मानणारे जैनांहून अधिक. पण जैनांना स्वतंत्र रकाना आहे, सरनाला नाही. ब्रिटिश काळात आदिवासींच्या धर्मासाठी निरनिराळ्या नावांनी वेगळी नोंद होत असे. स्वातंत्र्यानंतर ती गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने जनगणनेत सरनाला स्वतंत्र नोंद देण्याचा ठराव एकमताने केला, तो अजून ठरावच आहे.

यातली विसंगती सर्वांत ठळक दिसते ती बिहार रेजिमेंटमध्ये. या रेजिमेंटमध्ये आदिवासी जवानांचा मोठा वाटा आहे आणि तिच्या युद्धघोषात 'बिरसा मुंडा की जय' आहे. बिरसाला आपण क्रांतिकारक म्हणून ओळखतो, पण त्याच्या लोकांसाठी तो आधी धर्मप्रवर्तक होता. १९०० साली रांचीच्या तुरुंगात मरण्यापूर्वी त्याने स्वतःचा पंथ घालून दिला, आणि तो पाळणारी बिरसाइत कुटुंबे आजही झारखंडात आहेत. ज्याच्या नावाने शत्रूवर चालून जायचे, त्याचा धर्म मात्र 'इतर'मध्ये, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रात हाच प्रश्न पोलिसांच्या खाकीत उभा राहतो. गडचिरोलीचे सी-६० पथक १९९० मध्ये स्थापन झाले ते मुद्दाम स्थानिक मुले घेऊन, कारण जंगल त्यांना पाठ होते. त्यांत गोंड आणि माडिया मुले मोठ्या संख्येने आली. एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर आसपासच्या गावांसाठी ठाकूरदेवाचे ठाणे आहे. तिथे लोहखनिजाची खाण आहे आणि खाणीला सशस्त्र बंदोबस्त आहे. खाण हवी की नको हा वाद मी इथे काढत नाही. आपल्याच देवाच्या डोंगरावर बंदूक घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलाच्या मनातला पेच आपल्या धर्मनिरपेक्षतेच्या चित्रात कुठे दिसतो, एवढाच माझा सवाल आहे.

देहूरोड, २५ डिसेंबर १९५४

चिखलीहून थोड्याच अंतरावर, लष्करी डेपोच्या सावलीत वाढलेल्या देहूरोडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरच्या धर्मांतराला अजून दोन वर्षे अवकाश होता. तिथे जमलेले बहुतेक लोक कागदोपत्री बौद्ध नव्हते.

या घटनेचा आपल्या विषयाशी असलेला संबंध आकड्यांतून स्पष्ट होतो. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ मध्ये ते झाले सुमारे २७ लाख ९० हजार. 'तुमची संख्या किती, ते सांगा. मग सोय पाहू,' असे उत्तर एखाद्या अधिकाऱ्याने १९५४ मध्ये दिले असते तर आकडेवारीने ते बरोबर ठरले असते आणि सात वर्षांत हास्यास्पद झाले असते. माणसाची श्रद्धा आधी बदलते आणि रकाना मागाहून. शिवाय रकान्याला इतर ओझीही असतात. केंद्राच्या सवलतींसाठी अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडले. तोवर घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर 'हिंदू महार' असे कितीतरी कुटुंबांनी निभावले. म्हणून जवानाच्या सेवापुस्तकातला धर्म हाच त्याचा धर्म, असे धरून चालणारी व्यवस्था महाराष्ट्रात तरी कच्च्या पायावर उभी आहे.

हजेरी, आदर आणि उपासना

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्या घरात मनापासून पाळल्या जातात, तिथला मुलगा फौजेत गेला असे समजा. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, राम-कृष्णांची करणार नाही, गौरी-गणपतीची करणार नाही, हे त्याने शपथेवर म्हटलेले आहे. पलटणीत मंदिर परेड आहे, आरती आहे, तबक त्याच्यापर्यंत येते. त्याने काय करावे?

माझ्या मते इथे तीन गोष्टींची गल्लत होते. एक, हजेरी: ठरल्या वेळी, ठरल्या गणवेशात, सांगितलेल्या जागी उभे राहणे. दोन, आदर: जोडे काढणे, डोके झाकणे, गप्प राहणे, दुसऱ्याच्या देवाबद्दल वावगे न बोलणे. तीन, उपासना: हात जोडणे, आरती ओवाळणे, प्रसाद घेणे, गाभाऱ्यात जाऊन विधी करणे. पहिल्या दोन गोष्टींचा हुकूम वरिष्ठाने जरूर द्यावा. पलटण त्याशिवाय चालणार नाही. तिसरीचा हुकूम देताच येत नाही, कारण हुकमाने झालेली उपासना ही उपासना नसतेच. तो नुसता कवायतीचा प्रकार असतो, आणि देव मानणाऱ्याने तर त्याची अधिक लाज बाळगायला हवी.

हा भेद मी मनाने काढलेला नाही. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर केरळातली तीन मुले होती. यहोवाचे साक्षीदार या पंथाची असल्याने ती राष्ट्रगीत गात नसत, पण आदराने उभी राहत. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना शाळेतून काढणे घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्रातले उदाहरण आणखी जवळचे आहे. नाशिकमधल्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, म्हणून त्याची वेतनवाढ अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने म्हटले की कोणाही नागरिकाला धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि 'मला धर्म नाही' असे म्हणण्याचाही हक्क कलम २५ मध्ये आहे. तो खटला सरकारी राजपत्रातल्या नोंदीवरूनच उभा राहिला होता.

मग लष्करातल्या माणसाला हेच का लागू होऊ नये? इथे आपण लेफ्टनंट सॅम्युएल कमलेसन यांच्या प्रकरणाशी येतो, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कमलेसन २०१७ मध्ये थर्ड कॅव्हलरी रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. धर्माने प्रोटेस्टंट ख्रिस्ती. हाताखालचे जवान शीख. रेजिमेंटमध्ये मंदिर आणि गुरुद्वारा होते. त्यांचे म्हणणे असे, की मी जवानांबरोबर परेडला जातो, जोडे काढतो, गरज पडेल तिथे पगडी घालतो, अंगणात उभा राहतो. फक्त गाभाऱ्यात जाऊन पूजा-आरती करण्यातून मला सूट द्या. फौजेचे म्हणणे असे, की तुम्ही तुकडीचे नेते आहात, तुमचे अंतर राखणे जवानांना जाणवते, समजावूनही तुम्ही ऐकले नाही. मार्च २०२१ मध्ये त्यांना सेवेतून काढले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती कारवाई कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हस्तक्षेपाला नकार दिला.

उच्च न्यायालयाच्या भूमिकेचा गाभा असा, की प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा नसून वरिष्ठाची कायदेशीर आज्ञा पाळण्याचा आहे. निकालाचा मान राखून मला इथे मतभेद नोंदवावासा वाटतो. आज्ञा कायदेशीर आहे की नाही हे ठरवायचे कशावरून? ती मूलभूत हक्काला धक्का लावते का, हे पाहिल्याशिवाय ते ठरत नाही. आज्ञा कायदेशीर म्हणून हक्काचा प्रश्न नाही, आणि हक्काचा प्रश्न नाही म्हणून आज्ञा कायदेशीर, हे वर्तुळ आहे. अधिकाऱ्याची बाजू जवानाच्या बाजूपेक्षा अवघड आहे हे मी मान्य करतो. नेत्याचे वागणे हा त्याचा खाजगी मामला राहत नाही. पण नेतृत्वासाठी जे लागते ते त्याची हजेरी आणि त्याचा आदर यांतून मिळते. आपला साहेब दुसऱ्या धर्माचा असूनही अनवाणी आपल्या दारात उभा राहतो, यात शीख जवानाला अपमान वाटेल, असे मानणे शीख परंपरेलाही न्याय देणारे नाही.

घटनेने फौजेला काय दिले

सैनिकाचे मूलभूत हक्क कमी करता येतात, हे खरे. घटनेच्या कलम ३३ मध्ये तशी तरतूद आहे. पण ती कोणाला आहे? संसदेला. संसदेने लष्कर अधिनियम १९५० च्या कलम २१ मध्ये ती वापरली आणि तीन गोष्टींवर नियमांनी मर्यादा घालण्याची मुभा केंद्र सरकारला दिली: कामगार संघटना आणि तत्सम संस्थांचे सभासदत्व, सभा-निदर्शनांत भाग घेणे, वृत्तपत्रांशी बोलणे आणि लेखन प्रसिद्ध करणे. या यादीत धर्म नाही. ज्या संसदेत घटनाकारांपैकी अनेक जण बसलेले होते, तिने हक्क कोणते कापायचे ते मोजून सांगितले आणि सदसद्विवेकाला हात लावला नाही. उलट त्याच अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये दुसऱ्याच्या धर्माचा हेतुपुरस्सर अपमान करणे, त्याच्या धार्मिक भावना दुखावणे हा गुन्हा ठरवला. भावना दुखावू नयेत असे ज्या जवानाच्या बाबतीत कायदा म्हणतो, त्यात 'फक्त यादीतल्या धर्माचा जवान' असे कुठे लिहिलेले नाही.

आदिवासींची श्रद्धा हा 'धर्म' ठरतो का, ही शंकाही जुनी झाली. नियमगिरीच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंधांच्या नियमराजाच्या उपासनेला घटनेचे संरक्षण आहे हे मान्य केले आणि डोंगराचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला.

परदेशातला एक कबरीचा दगड

हाच प्रश्न परदेशी फौजांपुढेही आला आहे. निसर्गपूजक, बहुदेववादी अशा जुन्या पंथांचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांना पश्चिमेत पेगन म्हणतात. विक्का हा त्यांतला एक पंथ. अमेरिकेच्या लष्करी धर्मोपदेशकांच्या हस्तपुस्तिकेत विक्काची माहिती १९७८ पासून होती. तरी १९९९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावरच्या विक्कन जवानांच्या मेळाव्यांवरून गदारोळ झाला, आणि त्या राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी जादूटोण्याला मी धर्म मानत नाही असे सांगून टाकले. पुढे २००५ मध्ये सार्जंट पॅट्रिक स्ट्युअर्ट अफगाणिस्तानात मारले गेले. ते विक्कन होते. त्यांच्या स्मृतिफलकावर पंथाचे चिन्ह, वर्तुळातला पंचकोनी तारा, कोरायला सरकारी खाते तयार होईना. मान्य चिन्हांच्या यादीत ३८ चिन्हे होती, त्यांत निरीश्वरवाद्यांचेही एक, ताराच नव्हता. पत्नी रॉबर्टा स्ट्युअर्ट आणि सर्कल सँक्च्युअरी या संस्थेने लढा दिला, दावा दाखल झाला, आणि एप्रिल २००७ मध्ये सरकारने तडजोड करून ३९ वे चिन्ह मान्य केले.

या चिन्हामुळे अमेरिकी फौजेचे काय बिघडले? काही नाही. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हवाई दल अकादमीने तर २०११ मध्ये टेकडीवर दगडांचे वर्तुळ करून निसर्गपूजक कॅडेटांना जागाच दिली. नेदरलँड्सच्या सैन्यात १९६४ पासून पाद्र्यांच्या बरोबरीने मानवतावादी समुपदेशक आहेत, देव न मानणाऱ्या शिपायासाठी. अमेरिकेचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. तिच्या फौजेची इतर कृत्ये जगजाहीर आहेत. मुद्दा असा, की बलाढ्य फौजांनी हे केले आणि त्या विस्कटल्या नाहीत.

आणि पेगन म्हणजे काहीतरी परके, असे निदान पुणे जिल्ह्यातल्या माणसाने म्हणू नये. शेताच्या बांधावरचा शेंदराचा म्हसोबा, ओढ्याकाठच्या साती आसरा, वेशीवरची मरीआई, वेताळ, हे आपल्याकडे कोणत्या ग्रंथातून आले? दामोदर धर्मानंद कोसंबी याच परिसरातल्या पायवाटा तुडवत हे दगड नोंदवत फिरले आणि १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त त्यांनी त्यांची मुळे इतिहासपूर्व काळापर्यंत नेली. एमआयडीसीच्या भिंतीला भिंत लागून आजही असे एखादे ठाणे उभे असते, आणि जमीन संपादन करणाऱ्यांनीही ते मुकाट्याने चुकवून रस्ता नेलेला असतो. नगररचनेला जमते ते सेवापुस्तकाला जमू नये?

'फौज शिस्तीवर चालते'

या मागणीवरचा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप हा. फौजेत प्रत्येकाचा विवेक मोकळा सोडला तर पलटण राहणार नाही. पण इतिहास उलटे सांगतो. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांच्या कपाळावरची गंधे आणि दाढ्या बंद केल्या, नवी पगडी लादली, बंड झाले. १८५७ च्या काडतुसांचे तर सांगायलाच नको. त्यानंतरच्या फौजेने धडा घेतला तो हा, की शिपायाच्या श्रद्धेला हात न लावण्यातच शिस्तीचे हित आहे. शीख जवानाची पगडी आणि केस, गोरख्यांचा दसैन, शिया मौलवी, ही सगळी त्या धड्याची फळे. म्हणजे सूट देणे हा फौजेचा अपवाद नाही, तो तिचा नियम आहे. वाद फक्त तो नियम कोणापर्यंत पोचतो याचा आहे. पूर्वी फौजेने 'लढाऊ जाती' ठरवून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कंपनीच्या काळापासून लढलेल्या महारांना दार बंद केले होतेच. याद्या माणसे करतात आणि त्यांत माणसे सुटतात.

'मग थांबायचे कुठे?'

आज सरना, उद्या कोणी नवा पंथ काढील, परवा कोणी म्हणेल माझा धर्म मला बंदूक धरू देत नाही. इथे रेषा आखावीच लागेल, आणि ती आखता येते. जी सूट मागितली आहे तिच्यामुळे लढण्याच्या, पहाऱ्याच्या, सुरक्षिततेच्या कामात खोट येते का? येत असेल तर नाही म्हणावे. म्हणूनच दाढीचे खटले मी या लेखात माझ्या बाजूने ओढत नाही. हवाई दलातल्या मुस्लिम जवानाच्या दाढीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळला. तिथे गणवेशाच्या एकसारखेपणाचा मुद्दा होता, तो पटो न पटो, त्याला लष्करी आशय तरी आहे. आरतीच्या वेळी दाराबाहेर उभ्या असलेल्या जवानामुळे कोणता पहारा सुटतो?

शिवाय न्यायालय नाही म्हणाले म्हणजे दार कायमचे बंद, असेही नाही. अमेरिकेत कॅप्टन गोल्डमन या ज्यू अधिकाऱ्याचा टोपीचा दावा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरला; पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून ती मुभा दिली. कलम ३३ ने आपल्या संसदेला हक्क कमी करण्याची जशी ताकद दिली आहे, तसेच ते हक्क स्पष्ट शब्दांत राखण्यापासूनही तिला कोणी अडवलेले नाही.

'आदिवासी हिंदूच आहेत'

काही आहेत, आणि मनापासून आहेत. भीमाशंकरच्या आसपासच्या महादेव कोळ्याला महादेवापासून कोणी तोडू पाहत असेल तर तोही जुलूमच. काही ख्रिस्ती आहेत. काही म्हणतात आम्ही यांतले कोणीच नाही. माझा मुद्दा कोण काय आहे याचा निवाडा करण्याचा नाही. तो निवाडा त्या माणसाखेरीज दुसऱ्याने करू नये, एवढाच आहे. जे लोक इतर प्रसंगी 'सक्तीचे धर्मांतर' या शब्दांनी खवळून उठतात, त्यांना अर्जाच्या रकान्यात परस्पर झालेले धर्मांतर खटकत नाही, याची मात्र मौज वाटते.

'तक्रार कोणी केली आहे?'

हा आक्षेप सर्वांत कमकुवत, पण सर्वांत जास्त ऐकू येणारा. लष्कर अधिनियमाच्या कलम २१ मुळे जवान वृत्तपत्राकडे जाऊ शकत नाही. त्याची तक्रार वरिष्ठामार्फतच वर जाते, बहुधा त्याच वरिष्ठाच्या हातून. आणि २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर तर परिस्थिती आणखी नाजूक आहे. चार वर्षांनी फार तर २५ टक्के अग्निवीर कायम होणार आणि ते वरिष्ठांच्या मूल्यमापनावर. स्पाइन रोडला पहाटे धावणाऱ्या, घरच्यांचे कर्ज डोक्यावर असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने 'साहेब, मी आरतीला हात जोडणार नाही' असे म्हणावे अशी अपेक्षा कोण करतो? ज्या व्यवस्थेत बोलणे इतके महाग आहे, तिथे शांततेवरून समाधान मोजता येत नाही.

मागणी फार मोठी नाही

नवे विहार, नवी देवळे, प्रत्येक पंथाला सुभेदार, असे काही मी मागत नाही. भरतीच्या आणि सेवेच्या नोंदीत जवान सांगेल ते धर्माचे नाव लिहावे. 'धर्म नाही' हेही एक उत्तर असावे. आणि ते पुढे बदलता यावे. मंदिर परेडची हजेरी ठेवा, पण विधीतून मागे राहण्याची मुभा स्थायी आदेशात लिहून द्या, म्हणजे ती सीओच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, स्वभावावर अवलंबून राहणार नाही. एक सीओ समजूतदार असतो, त्याची बदली होते आणि दुसरा येतो. पुण्यातल्या प्रशिक्षणात सरना, गोंडी धर्म आणि आंबेडकरी धम्म शिकवा. पंडितजींना बावीस प्रतिज्ञा माहीत असल्या तर ते तबक त्या जवानापुढे धरणारच नाहीत, आणि पुष्कळसा प्रश्न तिथेच सुटेल.

राहिला मृत्यूचा प्रश्न, आणि तो फौजेइतका निकडीने कोणालाच पडत नाही. माडिया गोंड आपल्या मृतांच्या स्मरणार्थ उभे दगड रोवतात. त्यांचे विधी त्यांचेच जाणते लोक करतात. देह गावी पोचला तर गाव आपल्या रीतीने पाहून घेते. तो पोचला नाही, किंवा उंचावरच्या तळावर निरोप द्यावा लागला, तर तिथल्या अधिकाऱ्याने काय करावे? आज तो सेवापुस्तकातला धर्म पाहील आणि त्या धर्माच्या शिक्षकाला बोलावेल. त्याच्याकडे दुसरा मार्गही नाही. भरती होताना जवान वारसाचे नाव देतो, बँकेचे खाते देतो, रक्तगट देतो. त्याच कागदावर आणखी दोन ओळी वाढवायच्या आहेत: माझ्यामागे कोणते विधी व्हावेत, आणि कोणते होऊ नयेत.